अशिलाचे गुपित आणि वकिलाची कैफियत

वकील आणि अशील हे शब्द मराठीत इतके रुळले आहेत की त्यांची जोडी अरबी परंपरेतून आली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. असील म्हणजे मूळ पुरुष, ज्याचे काम आहे तो. वकील म्हणजे त्याच्या वतीने उभा राहणारा. हिंगणे घराण्यातील पुरुष दिल्ली दरबारात पेशव्यांचे वकील होते, ते याच अर्थाने. धन्याचा शब्द दुसऱ्याच्या दरबारात पोहोचवणे आणि धन्याचे अंतःस्थ हेतू तेथे उघड होऊ न देणे, ही त्यांच्या कामाची दोन अंगे होती. इंग्रजी अमलात हा शब्द न्यायालयाच्या आवारापुरता आकसला. नाते मात्र तेच राहिले. बोलणारा वकील, पण बोलण्याचा अधिकार अशिलाचा. बोलण्याचा अधिकार ज्याचा, गुप्ततेचा अधिकारही त्याचाच. वकिलाकडे सोपवलेले गुपित ही अशिलाची ठेव असते. वकील तिचा केवळ राखणदार असतो.

या नात्याची खरी कसोटी लागते ती अशील आपल्याच वकिलाविरुद्ध व्यावसायिक हलगर्जीपणाचा दावा लावतो तेव्हा. कालपर्यंत दुसऱ्याच्या वतीने बोलणारा आज स्वतः प्रतिवादी होतो आणि त्याला स्वतःची कैफियत द्यावी लागते. ती द्यायची तर बंद खोलीत अशिलाने काय सांगितले, आपण काय सल्ला दिला, हे उघड करावे लागते. न करावे तर आरोपाला उत्तर नाही. करावे तर ठेवीचा अपहार. प्रस्तुत लेखात या पेचाची भारतीय कायद्यातील मांडणी तुलनात्मक दृष्टीने स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. कथन कोणाच्या मालकीचे, निवेदकाने एकदा तोंड उघडल्यावर श्रोत्याला किती विचारता येते, आणि अर्धी सांगितलेली गोष्ट पुरी करण्याचे बंधन कोणावर पडते, हे प्रश्न कथनमीमांसेत नेहमीचे आहेत. न्यायालयात मात्र त्यांच्या उत्तरावर कोणाची तरी जमीन, अब्रू किंवा उपजीविका अवलंबून असते.

१. संहितेची रचना

भारतीय पुरावा कायदा १८७२ साली संमत झाला. त्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे लेस्ली स्टीफन यांचे बंधू, म्हणजे व्हर्जिनिया वुल्फचे काका. या कायद्यातील १२६ ते १२९ ही कलमे वकील व अशील यांच्यातील गुप्ततेची होती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ या कायद्याने घेतली. जुन्या १२६ व १२७ या कलमांचा आशय आता कलम १३२ मध्ये, १२८ चा १३३ मध्ये आणि १२९ चा १३४ मध्ये आला आहे. भाषा किरकोळ बदलली असली तरी सांगाडा स्टीफन यांचाच आहे.

पहिले कलम वकिलाला उद्देशून आहे. व्यवसायाच्या ओघात अशिलाने जे सांगितले, जी कागदपत्रे दाखवली, अथवा आपण जो सल्ला दिला, तो अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून उघड करण्याची वकिलास मुभा नाही. काम संपल्यावरही हे बंधन संपत नाही. वकिलाचे कारकून, नोकर आणि दुभाषी यांनाही ते लागू आहे. अपवाद दोनच. बेकायदेशीर हेतू पुढे नेण्यासाठी केलेले बोलणे संरक्षित नाही, आणि काम हाती घेतल्यानंतर गुन्हा वा लबाडी घडल्याचे दर्शवणारी जी गोष्ट वकिलाच्या पाहण्यात आली, तीही संरक्षित नाही.

जुन्या कायद्यात या कलमाखाली दिलेली दृष्टान्ते छोट्या कथाच आहेत. एका दृष्टान्तात अशील आपण केलेल्या बनावट दस्ताची कबुली देतो आणि बचाव करण्यास सांगतो. हे बोलणे संरक्षित आहे. दुसऱ्यात तो बनावट दस्ताच्या आधारे मिळकतीचा ताबा मिळवून देण्यास सांगतो. हे संरक्षित नाही. दोन्हीकडे दस्त बनावटच आहे. फरक काळाचा आहे. घडून गेलेल्या पापाची कबुली झाकली जाते, घडवायच्या पापाची योजना झाकली जात नाही.

दुसरे कलम संमतीविषयी आहे. पक्षकाराने साक्ष दिली एवढ्यावरून त्याने वकिलाचे तोंड मोकळे केले असे मानायचे नाही. वकिलाला साक्षीदार म्हणून बोलावून त्याच गुप्त बाबींवर प्रश्न विचारले, तरच तेवढ्यापुरती संमती गृहीत धरायची.

तिसरे कलम अशिलाला उद्देशून आहे. वकिलाशी झालेले गुप्त बोलणे उघड करण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. परंतु तो स्वतःहून साक्षीदार म्हणून उभा राहिला, तर त्याने दिलेल्या साक्षीचा उलगडा होण्यास न्यायालयाला आवश्यक वाटेल तेवढे बोलणे उघड करण्यास त्याला भाग पाडता येते. त्याहून अधिक मात्र नाही.

या तिन्ही कलमांत एक गोष्ट नाही. अशिलाने वकिलावरच दावा केला तर काय, याचा शब्दशः उल्लेख कोठेही नाही. वकिलाच्या स्वसंरक्षणाचा अपवाद संहितेत लिहिलेलाच नाही.

२. वकिलावर दावा होऊ शकतो काय?

हा प्रश्न भारतात इंग्लंडच्या आधी सुटला. इंग्लंडमध्ये न्यायालयात केलेल्या कामासाठी बॅरिस्टरवर हलगर्जीपणाचा दावा लावता येत नसे. हे संरक्षण तेथील सर्वोच्च पीठाने २००० साली संपुष्टात आणले. भारतात मात्र १९२६ च्या विधिव्यवसायी शुल्कविषयक कायद्याच्या पाचव्या कलमानेच सांगितले होते की, केवळ वकील आहे एवढ्या कारणावरून कोणी हलगर्जीपणाच्या दाव्यातून सुटत नाही.

कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले एम. वीरप्पा विरुद्ध इव्हलिन सिक्वेरा हे १९८८ चे प्रकरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. अशिलाने वकिलाविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला आणि दावा चालू असतानाच तो मरण पावला. वारसांना दावा पुढे चालवता येईल काय, हा प्रश्न होता. न्यायालयाने भेद केला तो असा : मागणी केवळ मृताच्या व्यक्तिगत मनस्तापाची असेल तर ती त्याच्याबरोबर संपते; करारभंगामुळे त्याच्या संपत्तीला पोहोचलेल्या हानीची असेल तर ती वारसांकडे येते. कोणती मागणी कोणत्या प्रकारात मोडते, हे पुराव्यानंतरच ठरू शकते.

शिस्तभंगाचा मार्ग याहून वेगळा आहे. वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. पण पुण्यातील वकिलांसंबंधीच्या पांडुरंग दत्तात्रय खांडेकर विरुद्ध महाराष्ट्र बार कौन्सिल या १९८४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, चुकीचा सल्ला आणि अनुचित सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नैतिक अधःपतनाची जोड नसलेला केवळ हलगर्जीपणा हे व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही. मराठी रंगभूमीला सनद हिरावली जाणारा वकील परिचित आहे तो ‘एकच प्याला’तील सुधाकर. तेथेही सनदेवर गदा येते ती न्यायासनाशी झालेल्या संघर्षातून, अशिलाच्या नुकसानीतून नव्हे. सनद हा वकील आणि सत्ता यांच्यातील व्यवहार आहे. अशिलाचा हिशोब वेगळ्या वहीत मांडावा लागतो.

त्या हिशोबासाठी काही काळ ग्राहक मंचाचा पर्याय पुढे आला होता. राष्ट्रीय आयोगाने २००७ साली वकिलांना ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणले. १४ मे २०२४ रोजी बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामागील कारण येथे विशेष उद्बोधक आहे. वकिलाच्या कामावर अशिलाचे प्रत्यक्ष नियंत्रण मोठ्या प्रमाणावर असते, म्हणून हा व्यक्तिगत सेवेचा करार आहे, असे न्यायालयाने म्हटले. वकील-अशील या शब्दजोडीत जे आधीपासून होते तेच येथे निर्णयाच्या रूपाने आले. नुकसान झालेल्या अशिलाला आता सामान्य दिवाणी न्यायालय उरते, आणि तेथे गुप्ततेचा पेच टाळता येत नाही.

३. आनेकलमधील एक कल्पित दावा

पेच मूर्त करण्यासाठी एक उदाहरण कल्पावे. बेंगळूरु शहर जिल्ह्यातील आनेकल तालुका तामिळनाडूच्या होसूरला लागून आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या वाढीनंतर या पट्ट्यात शेतजमिनीचे भूखंडांत रूपांतर होत गेले. समजा, घरात मराठी बोलणाऱ्या एका शेतकऱ्याचा जमिनीच्या हक्काचा दावा आनेकलच्या न्यायालयात फेटाळला गेला. अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. अपील झाले नाही, जमीन गेली. शेतकरी वकिलावर नुकसानभरपाईचा दावा लावतो : “यांनी अपील करतो म्हणून सांगितले आणि केले नाही.” वकिलाची कैफियत अशी : “अपील नको, समोरच्याशी तडजोड चालू आहे, असे यांनीच मला सांगितले.”

त्याच बैठकीत शेतकऱ्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या असे समजू. एक, दुसऱ्या एका जमिनीच्या जुन्या खरेदीखतात किंमत प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवली होती. दोन, धाकट्या भावाला वाटणीत कमी देण्यात आले होते. वादी आता दावा लावताना मनात हिशोब करतो : वकिलाला न्यायालयात खेचले, तर या दोन गोष्टीही बाहेर येतील काय? भाऊ तर न्यायालयाच्या दारातच उभा असेल. या भीतीपोटी अनेक रास्त दावे दाखलच होणार नाहीत, आणि तुझ्या साऱ्या गोष्टी मला ठाऊक आहेत, हे न उच्चारलेले वाक्य हलगर्जी वकिलाची ढाल होईल. उलट टोकाला, वकिलाचे तोंड पूर्ण बंद ठेवले तर तडजोडीची गोष्ट लपवून खोटा दावा जिंकता येईल. कायद्याला या दोन अन्यायांच्या मधून वाट काढायची आहे.

४. तीन देशांतील तीन वाटा

अमेरिकेत ही वाट जुनी आहे. हंट विरुद्ध ब्लॅकबर्न या १८८८ च्या प्रकरणात एका स्त्री-पक्षकाराने वकिलाने आपली दिशाभूल केली असा पवित्रा घेतला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, वकिलाशी काय बोलणे झाले हाच बचावाचा आधार केल्यावर तेच बोलणे झाकून ठेवता येत नाही. पुढे तेथील वकीलसंघाच्या आदर्श नियमांत अशिलाशी वाद झाल्यास आवश्यक तेवढी माहिती स्वसंरक्षणार्थ उघड करण्याची परवानगी वकिलाला देण्यात आली. तेथे अपवाद वकिलाच्या बाजूने लिहिला आहे.

इंग्लंडमध्ये भर आहे तो अशिलाने अध्याहृतपणे केलेल्या अधिकारत्यागावर. लिलिक्रॅप विरुद्ध नाल्डर या १९९० च्या दशकातील प्रकरणात जमिनीचे व्यवहार करणाऱ्या अशिलांची तक्रार होती की, सॉलिसिटरांनी जमिनीवरील वहिवाटीच्या हक्काविषयी योग्य सल्ला दिला नाही. सल्ला दिला असता तरी यांनी व्यवहार केलाच असता, हे दाखवण्यासाठी सॉलिसिटरांना त्याच अशिलांच्या पूर्वीच्या व्यवहारांची कागदपत्रे हवी होती. न्यायालयाने ती वापरू दिली, कारण दाव्यातील प्रश्नाशी त्यांचा संबंध होता. याला मर्यादा घातली ती पॅरागॉन फायनान्स विरुद्ध फ्रेशफील्ड्स या १९९९ च्या निर्णयाने. जुन्या सॉलिसिटरवर दावा केला म्हणून नंतर नेमलेल्या दुसऱ्या सॉलिसिटरशी झालेले बोलणे खुले होत नाही. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यापुरतेच दार उघडते.

भारतीय संहिता या दोन्हींपासून वेगळी आहे. येथे स्वसंरक्षणाचा अपवाद लिहिलेला नाही, आणि अध्याहृत त्यागाची कल्पना स्पष्ट संमती या शब्दांशी सहज जुळत नाही. म्हणून केवळ कलम १३२ वाचणारा असा निष्कर्ष काढील की वकील निरुत्तर आहे. परंतु कलम १३४ त्याच्या जोडीने वाचले की निराळी वाट दिसते. हलगर्जीपणाच्या दाव्यात वादीला आपली हकीकत स्वतः सांगावी लागते. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभाच राहिला नाही तर त्याची किंमत मोजावी लागते. विद्याधर विरुद्ध माणिकराव या १९९९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, पक्षकार स्वतः साक्ष देण्याचे व उलटतपासणीला सामोरे जाण्याचे टाळतो तेव्हा त्याची हकीकत खरी नाही असे अनुमान निघते. आणि तो उभा राहिला की आपल्या साक्षीच्या उलगड्यापुरते बोलणे उघड करण्यास त्याला भाग पाडता येते. आनेकलच्या उदाहरणात, वकील अपील करतो म्हणाले, असे वादीने सांगताच त्याला विचारता येईल : त्या दिवशी तुम्ही तडजोडीविषयी काय सांगितलेत?

म्हणजे भारतीय कायद्यात गुपिताचे दार मुख्यतः उघडते ते अशिलाच्या स्वतःच्या तोंडून. यात कथनाचे एक साधे तत्त्व आहे. ज्याने गोष्ट सांगायला घेतली त्याने ती समजण्याइतकी पुरी केली पाहिजे; पण सांगायला न घेतलेली दुसरी गोष्ट त्याच्याकडून काढून घेता येत नाही. त्यामुळे तडजोडीचे बोलणे खुले होते. जुन्या खरेदीखताची कबुली व भावाची वाटणी बंदच राहतात, कारण अपिलाच्या हकिकतीचा उलगडा होण्यास त्यांची गरज नाही.

येथे एक अडचण शिल्लक राहते. वादीने उलटतपासणीत खोटे सांगितले, तर वकिलाला स्वतःच्या तोंडाने ते खोडता येईल काय? कलम १३३ म्हणते की साक्ष देणे म्हणजे संमती नव्हे. यावर असा युक्तिवाद करता येतो की, वादपत्रात वकिलाचे बोलणे लेखी मांडून त्यावर सहीनिशी सत्यापन करणे हे नुसते साक्ष देणे नाही. त्या विशिष्ट संवादाविषयी न्यायालयाने निर्णय द्यावा, अशी ती मागणीच आहे. आणि मागणीत तेवढ्यापुरती स्पष्ट संमती सामावलेली आहे. शिवाय हे कलम ज्याची कल्पना करते तो वकील वादात तिसरा असतो. येथे तो वादाचा पक्षच आहे. हे वाचन अधिक न्याय्य आहे, कारण त्यावाचून प्रतिवादीला आपली बाजू मांडण्याचा नैसर्गिक हक्कच उरत नाही. मात्र त्याची मर्यादा कलम १३४ मधूनच घ्यावी लागेल : उलगड्यास आवश्यक तेवढेच, अधिक नाही.

५. दुभाषी, वारस आणि तपास अधिकारी

वीरप्पा प्रकरणासारख्या परिस्थितीत ही रचना अधिक कठीण होते. दावा वारस चालवतात, पण बंद खोलीतील बोलणे त्यांनी ऐकलेले नसते. कलम १३४ ज्याच्याकडून उलगडा मागते तो निवेदक आता हयात नाही. उरलेला एकमेव श्रोता प्रतिवादी वकील आहे. वारसांनी मृताच्या वतीने हकीकत मांडायची आणि तिचा एकमेव साक्षीदार बंदिस्त ठेवायचा, हे चालणार नाही. दाव्याचा हक्क ज्यांच्याकडे आला, त्यांच्याकडे गुपिताचे राखणही आले, आणि दाव्याबरोबर त्या राखणाची मर्यादाही आली, असेच मानावे लागेल.

आनेकलसारख्या बहुभाषिक तालुक्यात आणखी एक व्यक्ती या खोलीत असते. अशील मराठीत किंवा तमिळमध्ये बोलतो, कारकून ते कन्नडमध्ये वकिलाला सांगतो, टिपण इंग्रजीत होते. ‘अपील आत्ता नको’ आणि ‘अपील नको’ यांतील अंतर या प्रवासात हरवू शकते, आणि सारा दावा त्या ‘आत्ता’वर उभा असू शकतो. कायद्याने दुभाष्याला गुप्ततेच्या कक्षेत घेतले, ते त्याला वकिलाच्या मुखाचा विस्तार मानून. अनुवादाच्या अभ्यासकाला ठाऊक आहे की दुभाषी नुसता विस्तार नसतो. हलगर्जीपणाच्या दाव्यात वकिलाचे टिपण पुरावा म्हणून येईल, तेव्हा ते मूळ बोलणे नसून अनुवाद आहे, हे न्यायालयापुढे आणणे हे अशिलाचे महत्त्वाचे साधन ठरते.

दाव्यात उघड झालेले बोलणे जगाला उघड होते काय, हाही प्रश्न आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५३-ब नुसार न्यायालय खुले असले तरी न्यायाधीशांना विशिष्ट प्रसंगी लोकांना प्रवेश नाकारता येतो. आनेकलच्या वादीला भावाची भीती असेल, तर त्याच्या वकिलाने हा अर्ज वेळीच करायला हवा.

अशिलाची ठेव ही मूळ कल्पना अलीकडे निराळ्या संदर्भात पुन्हा ठळक झाली. २०२५ साली तपास यंत्रणेने अशिलांना दिलेल्या सल्ल्याबाबत ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निर्णय दिला की, कलम १३२ मधील अपवाद लागू होत असल्याखेरीज तपास अधिकाऱ्याने अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी वकिलाला बोलावू नये, आणि अपवाद लागू असल्यास समन्सात तसे नमूद करून वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी. ज्याची ठेव आहे त्याच्या नकळत राज्यसत्तेलाही ती राखणदाराकडून सहज उचलता येत नाही.

वकिलावरील दाव्यातही हेच तत्त्व दुसऱ्या बाजूने लागू पडते. ठेव अशिलाची आहे. म्हणून ती न्यायालयाच्या मेजावर आणण्याचा निर्णयही त्याचाच. एकदा आणल्यावर तीतील जेवढे नाणे वादात आहे तेवढे मोजून घेण्याचा हक्क प्रतिवादीला मिळतो. उरलेली थैली उपडी करण्याचा नाही. ही रेषा न्यायालये जितकी काटेकोर आखतील, तितका नाडलेल्या अशिलाला दाद मागण्याचा धीर येईल, आणि तितकीच प्रामाणिक वकिलाला आपली कैफियत मांडता येईल.